टाचेतली नाडी

लिफ्ट बंद होती, म्हणून डॉक्टर रणजीत मोहिते चार मजले चढून वॉर्डात आले, ते चिडूनच.

वाशीच्या मार्केटातल्या हौसेराव हमालाच्या टाचेचा टेम्पोखाली चेंदामेंदा झाला होता. डॉक्टरांनी त्याच्याच मांडीची कातडी रक्तवाहिनीसकट काढून त्या टाचेला जोडली होती. एवढी कलाकुसर, आणि ती कुणासाठी? महिन्याभरात तंबाखू थुंकत पुन्हा अनवाणी फिरणाऱ्या माणसासाठी!

“सर, मनगटाची नाडी बहात्तर आहे,” सिस्टर मैत्री म्हणाली. “टाचेची एकशे दहा येतेय. तीनदा मोजली.”

“शंभराच्या पुढचे आकडे येतात ना तुला?”

नाडी ऐकवणारं छोटं यंत्र तिच्या हातातून हिसकावून त्यांनी टाचेवर टेकवलं. दुसऱ्या हाताने हौसेरावांचं मनगट धरलं. मनगटात नाडी संथ चालत होती. टाचेत मात्र कुणीतरी पळत सुटलं होतं.

“तुम्हा लोकांचं रक्तसुद्धा अडाणी,” ते पुटपुटले.

हौसेराव त्यांच्याकडे शांतपणे बघत होते. “सायेब, जिना चढून आलासा न्हवं? दम लागलाय तुमास्नी. बसा जरा.”

डॉक्टर स्टुलावर बसले. त्यांची धाप ओसरली, तसा टाचेतला आवाजही मंदावला.

त्यांनी हौसेरावांचं मनगट सोडलं आणि स्वतःच्या गळ्यावर बोटं ठेवली. ठोक्याला ठोका जुळत होता. त्यांना घाम फुटला, आणि टाच पुन्हा धावू लागली.

मग यंत्र एकदम गप्प झालं.

“सर, थांबली,” मैत्री म्हणाली.

डॉक्टर गळ्यावर बोटं इकडेतिकडे सरकवत राहिले.