पश्चिमेच्या बाटलीतलं फॉस्फेट

दत्तूने बाटली समुद्राच्या पाण्याने पुन्हा विसळली, तरी सुजीतची नजर त्याच्या बोटांवरून हलली नाही. बोटीचा कठडा त्याने घट्ट धरून ठेवला होता. नागपूरच्या माणसाचं पोट बोटीने धक्का सोडल्यापासून त्याचं ऐकत नव्हतं. डोळे मात्र कामावर होते.

संशयाला कारण होतं. होर्मुझमधून बाहेरच्या समुद्राचं पाणी आखातात येतं, येताना नायट्रेट-फॉस्फेटची शिदोरी आणतं. वाटेत सूक्ष्म वनस्पती तिच्यावर ताव मारतात. बहरीनला वळसा घालून ते बेटाच्या पश्चिमेला, जनाबियाच्या बाजूला, त्या कोंडलेल्या कोपऱ्यात पोचेपर्यंत शिदोरी संपलेली असते. तिथे नवं पाणी फारसं येत नाही, जुनं फारसं जात नाही, ऊन तेवढं आटवत राहतं. म्हणून पश्चिमेचं पाणी खारट आणि उपाशी. लॅबमध्ये चहाला येणाऱ्या प्रत्येकाला सुजीत हे समजावत असे. हल्ली चहाला कोणी येत नसे.

आणि गेले काही महिने पश्चिमेच्या बाटलीतलं पाणी खारट निघत होतं, पण पोटभर जेवलेलं. अस्करच्या, म्हणजे पूर्वेच्या मोकळ्या बाजूच्या पाण्यापेक्षाही जास्त! मीठ बरोबर, म्हणजे पाणी तिथलंच. मग फॉस्फेट कुणी घातलं? सुजीतने लॅबमधली काचेची भांडी ॲसिडने धुतली, मशीन तपासलं. उरला दत्तू. गुहागरचा. बाटल्या तोच भरायचा, तोच आणायचा.

पश्चिमेला समुद्रात मासे पाळायचे पिंजरे टाकू पाहणारा एक शेठ होता. पाणी आत्ताच सकस दिसलं, तर पुढे पिंजऱ्यांनी घाण केल्यावर ‘आधीपासून असंच होतं’ म्हणायला तो मोकळा. त्यानेच दत्तूला गाठलं असणार. सुजीतने हे मॅनेजर रहिमतुल्लांच्या कानावर घातलं होतं. ते म्हणाले होते, “सबूत लाओ. इसी महीने उसका व्हिसा रिन्यू होना है. सबूत मिला तो खलास, सीधा घर.”

पण आज सुजीतसमोर दत्तूने काहीच वावगं केलं नाही. बाटली भरली, झाकण पिळलं, बर्फाच्या पेटीत ठेवली. परतीला सुजीत स्वतः पेटीवरच बसला.

धक्क्याला लागताच दत्तू म्हणाला, “साहेब, जरा उठता? पेटी उघडायची हाय.”

“कशाला?” सुजीतने खिशातल्या फोनचा कॅमेरा चाचपला.

शेजारच्या बोटीवरून नजीब नावाच्या कोळ्याने एक ओली पिशवी पुढे केली. दत्तूने ती सरळ बाटल्यांवर रिकामी केली. ताजी शेरी मासळी, अजून फडफडणारी. तिचं लालसर पाणी झाकणांच्या कडेकडेने खाली झिरपू लागलं. सुजीतच्या मशीनला अख्ख्या लिटरमधली चिमटीच्या हजाराव्या भागाएवढी भर कळत असे. झाकणाखाली शिरलेला एक थेंब म्हणजे पंगतच.

“हे काय चाललंय?” तो ओरडला.

“दर खेपेला करतो तेच. बर्फ आयता असतो नं.”

“आणि हे मासे कुणाचे? शेठचे?”

आता दत्तूने त्याच्याकडे संशयाने पाहिलं. “मस्करी करता काय साहेब? तुमचेच. पुष्पलता वैनींनी सांगून ठेवलंय, पश्चिमेची फेरी असली की शेरी आणायचीच. आधी तुमच्या दारात मासे उतरवतो, मग लॅबमध्ये बाटल्या. परवा म्हणे तुम्ही तिसऱ्यांदा रस्सा मागितलात.”

सुजीतने खिशातल्या कॅमेऱ्यावरचा हात काढला.

तेवढ्यात फोन वाजला. रहिमतुल्ला. “पकडा क्या?”

दत्तू वाकून मासळीवर बर्फ सारत होता. त्यातले दोन मोठे मासे त्याने वेगळे काढून वर ठेवले, वैनींना दिसतील असे.

“आदमी सच्चा है, सर,” सुजीत म्हणाला. “व्हिसा रिन्यू कर दीजिए. गडबड आइसबॉक्स में है.”

“तो नया ले लो एक.”

सुजीतने मासळीकडे पाहिलं, घसा साफ केला.

“सर, दो लगेंगे.”