डावीकडे चाललेला ठिपका

संध्याकाळी विजयनगरातली व्हिडिओ गेमची मॅच जिंकली तर बेंगळूरची टीम विद्याश्रीला पगारावर घेणार होती, आणि नेमका आजच कंट्रोलर झपाटल्यासारखा वागायला लागला. तिनं तो लॅपटॉपला जोडून तपासला. बटणं सगळी ठणठणीत, पण डाव्या दांडीला हात न लावताही पडद्यावरचा ठिपका आपला खुशाल डावीकडे चाललेला.

"मोडलं का खेळणं?" पेपरामागून तिचे वडील खंडोजीराव म्हणाले. "बरं झालं. पोरीच्या जातीनं दिवसभर खेळत बसायचं म्हणजे काय."

"अप्पा, सुम्ने गप बसा की."

तिनं स्क्रू काढून झाकण उघडलं. दांडीच्या बुडाशी कुंकू चिकटून बसलं होतं. परवाच घरात आयुधपूजा झाली होती. पणजोबांच्या तलवारीला, स्कूटरला, अगदी मिक्सरलाही अप्पांनीच कुंकू लावलं होतं. पूजेच्या ताटाला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

"अप्पा, कंट्रोलर तर माझ्या कपाटात होता."

पेपर आणखी वर सरकला.

"स्पिरिटनं पुसून घे हत्यार," खंडोजीराव म्हणाले. "आणि हरून घरी येऊ नकोस."