अंगठ्याजवळचा खळगा

“हात असा नसतो,” चित्रकलेच्या बाई म्हणाल्या आणि त्यांनी पेन्सिलीचं मागचं टोक कागदावर एका जागी टेकवलं. “इथे, अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधे, मांसाची गादी असते. तुम्ही चक्क खळगा काढलाय. मनातून काढलेलं दिसतंय. घरी जाऊन नीट बघा.”

वर्गातल्या दोघी-तिघी हसल्या. तीही हसली, पण कानापर्यंत लाल झाली. चित्र तिच्या नवऱ्याच्या उजव्या हाताचं होतं. ज्या हाताच्या सोबतीनं उभा संसार केला, तो आपल्याला साधा काढता येऊ नये?

तिची सगळी नोकरी टेलिफोनच्या ऑफिसात, घड्याळाशी शर्यत करण्यात गेली होती. निवृत्त झाल्यावर तिने या वर्गात नाव घातलं आणि पहिल्यांदाच तिला कळलं, की आपल्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर सकाळी नळाची सावली पडते. कपातली वाफ सरळ वर जात नाही, आधी जरा घुटमळते. बाईंचा एकच धोशा असे: ठाऊक आहे ते काढू नका, दिसतंय ते काढा. तिला या बघण्याचं वेडच लागलं. ती भाजी सावकाश चिरू लागली, जिना सावकाश उतरू लागली. नवरा चेष्टा करी. “सांभाळ हं,” म्हणे, “एक दिवस मीही दिसेन तुला.”

तो बंदरात क्रेन चालवायचा. उंचावरच्या काचेच्या केबिनमध्ये बसून जहाजावरचे कंटेनर उचलायचे आणि अलगद धक्क्यावर ठेवायचे. खाली माणसं वावरत असायची. तिथे हात चुकला तर माफी मागायलाही कुणी उरलं नसतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चहाला बसला, तशी ती कागद घेऊन समोर बसली. त्याचा उजवा हात वर्तमानपत्राखाली होता.

“बाहेर काढा की जरा. बाईंनी चूक काढलीय माझी.”

त्याने डाव्या हाताने वर्तमानपत्र बाजूला सारलं. मग त्याने हात टेबलावर ठेवला.

खळगा होता.

तिने डाव्या हाताकडे पाहिलं. तिथे गादी होती, चांगली भरलेली. उजव्याची कातडी मात्र खोल जाऊन हाडाला चिकटली होती. आणि त्या कातडीखाली काहीतरी बारीक फडफडत होतं, थांबत होतं, पुन्हा फडफडत होतं. हात स्वस्थ होता, तरीही.

“हाताला काय झालंय हो?”

“काय व्हायचंय? वय झालं.” त्याने हात उचलून खिशात घातला. “तूही फार बघतेस हल्ली.”

हेल्मेट काखेत मारून तो निघाला. दार त्याने डाव्या हाताने ओढून घेतलं. मग तिला एकेक आठवू लागलं. शर्टाचं वरचं बटण कधीपासून उघडंच राहत होतं. कप तो दोन्ही हातांनी धरत होता. बरणीचं झाकण “तूच उघड” म्हणून तिच्यापुढे सरकवत होता, आणि तिला तो लाडिकपणा वाटला होता. सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. आणि तो हात आता दिवसभर क्रेनच्या दांडीवर असणार होता.

ती होती तशीच चपला अडकवून बाहेर पडली.

बस मुंगीच्या पावलांनी चालली होती. बंदर जवळ आलं तशी क्रेन दिसू लागली. क्रेनला एक लाल कंटेनर लटकला होता. वारा सुटला होता. कंटेनर डुलला, थांबला, पुन्हा डुलला. खाली पिवळी हेल्मेटं हिंडत होती. निवृत्ती तोंडावर आली म्हणून यांनी लपवलं असणार. आपण तोंड उघडलं, तर जन्मभर कमावलेलं नाव चार माणसांत मातीला मिळणार. फाटकापाशी तिचे पाय अडखळले. तिने वर पाहिलं आणि आत शिरली.

नवऱ्याचा जुना मित्र तिथे मुकादम होता. तिने त्याची बाही धरली. “भाऊजी, क्रेन थांबवा. ह्यांचा हात गेलाय. आत्ताच्या आत्ता खाली उतरवा त्यांना. बायकोनेच सांगितलं म्हणून खुशाल सांगा.”

मुकादमाने हळूच बाही सोडवून घेतली.

“वहिनी, वर तो नाहीये. दुसरा माणूस आहे.” मग त्याने आवाज खाली आणला. “गेल्या थंडीतच तो आपण होऊन आला होता माझ्याकडे. म्हणाला, मला खाली घे, माझ्या हाताचा भरवसा राहिला नाही. तुम्हाला अजून...” त्याने पुढचं गिळलं आणि गोदामाकडे बोट दाखवलं.

दोरखंडांच्या वेटोळ्यांमागे तो एका टेबलाशी बसला होता. जीभ दातांत धरून, खोक्याच्या फाटक्या पुठ्ठ्यावर, डाव्या हाताने स्वतःचं नाव गिरवत होता. अक्षरं पहिलीतल्या पोरासारखी वेडीवाकडी होती. ती समोर उभी राहिली तरी तो दचकला नाही.

“डॉक्टर काय म्हणाले?” तिने विचारलं.

“नसांचा आजार. औषध नाही. आधी हा हात, मग दुसरा, मग राहिलेलं सगळं.”

“आणि मला सांगावंसं वाटलं नाही?”

“जन्मात पहिल्यांदा निवांत बसली होतीस गं.”

ती समोरच्या खोक्यावर बसली. बाहेर कंटेनर धक्क्यावर टेकल्याचा धप्प आवाज झाला. त्याने पेन्सिल तिच्याकडे सरकवली, पुठ्ठा उलटा केला आणि डावा हात उजेडात, टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हा अजून धड आहे,” तो म्हणाला. “लवकर काढ.”