शहाळ्याचं पाणी

बघायला आलेल्या मंडळींना चहाऐवजी शहाळ्याचं पाणी द्यायचं, हे मृण्मयीनं आधीच ठरवलं होतं.

हल्ली पत्रिका कोण बघतंय? दोन्ही घरांतल्या माणसांच्या टिश्यू जुळवायच्या, जुळल्या की सुपारी फोडायची. जुळत्या, तरुण माणसाची किडनी वर्षानुवर्षं टिकते, आणि सोयरिक झाली की ती हुंड्यासारखी हक्कानं मागता येते. निनादच्या घरच्यांनी मात्र काहीच मागितलं नव्हतं. म्हणजे कुठंतरी पाणी मुरत होतं. किडनी बिघडलेल्याला शहाळं वर्ज्य. जो पेला टाळेल, त्याच्यासाठीच हे स्थळ आलं असणार.

निनादनं पेला एका दमात संपवला. त्याच्या आईनं "गोड आहे गं," म्हणत आणखी मागून घेतलं. वडिलांनी तळाचा थेंबही सोडला नाही.

"झाली खात्री?" निनाद हसून हळूच म्हणाला. "आमच्याकडे सगळे ठणठणीत आहेत. उलट एवढी घाई कशाची, हे आम्हीच विचारणार होतो. तुमच्या बाबांचा रोज फोन यायचा."

मृण्मयी ओशाळली आणि पेले उचलायला वाकली. एकच पेला काठोकाठ भरलेला होता.

बाबांचा.