निशाण झाकू नये

शिट्टी वाजली तेव्हा दीपिका शेवटची रेषा ओलांडून गेली होती. चेंडू बगलेत, मागे कोणी नाही. करी रोडच्या बायकांनी टाळ्यांसाठी हात उचललेसुद्धा होते. पण रेफ्रीने मान हलवली आणि आपल्या कमरेवर हात ठेवून दाखवला. फ्लॅग गार्डिंग. टचडाऊन रद्द.

"परत?" आकांक्षा म्हणाली. ती टीमची कॅप्टन, शाळेत पीटी शिकवणारी. बायकांना घराघरांतून गोळा करून तिनेच ही टीम उभी केली होती.

फ्लॅग फुटबॉलमध्ये कोणी कोणाला पाडत नाही, धरत नाही, धक्काही देत नाही. प्रत्येकीच्या कमरेच्या पट्ट्याला दोन बाजूंना रंगीत फिती लोंबत असतात, तेच फ्लॅग. चेंडू घेऊन पळणारीची एक फीत समोरचीने खेचली की खेळ तिथेच थांबतो. आणि म्हणूनच पळणारीने फितीवर हात आणायचा नाही. आणला की फाऊल.

दीपिकाला नियम पाठ होता. तिच्या हाताला नव्हता. पळायला लागली की तिचा डावा हात आपोआप मागे जायचा, टी-शर्ट खाली ओढायला. टी-शर्ट तर पँटमध्ये खोचलेला, कारण तोही नियमच. ओढायला काही नसायचं, तरी हात जायचा.

कारण रेषेबाहेरच्या बाकावर जाईबाई बसलेल्या असायच्या. दीपिकाच्या सासूबाई.

सोळा वर्षं दीपिका त्या घरात ओढणी सावरत वावरली होती. जाईबाई भांडणाऱ्या नव्हत्या. नुसत्या बघायच्या, आणि तेवढं पुरायचं. खेळायला जाते, असं दीपिकाने घरात सांगितलं. पहिल्या रविवारी जाईबाई चपला घालून दारात उभ्या राहिल्या आणि आपल्या मालवणीत म्हणाल्या, "मी पण येतंय." तेव्हापासून एकही रविवार चुकला नव्हता. ना हसणं, ना टाळी. नजर मैदानावर, ओठ मिटलेले. ट्रॅक पँटमधली सून पळताना कशी दिसते ते त्या बघतायत, हे दीपिकाला पाठीवर जाणवायचं.

आणि आज तर फायनल. समोर वरळी कोळीवाड्याच्या बायका, चपळ आणि खणखणीत आवाजाच्या. त्या एका गुणाने पुढे होत्या. चार प्रयत्नांत शेवटची रेषा ओलांडली तर टचडाऊन, म्हणजे सहा गुण, नाहीतर चेंडू त्यांना जाणार. तीन संपले होते, आणि सामन्याची वेळही संपत आली होती.

पाचही जणी डोकी जुळवून उभ्या राहिल्या.

"चेंडू दुसरीला दे," दीपिका म्हणाली. "माझ्यामुळे हरू आपण."

"तुझ्याएवढं कोणी पळतं का इथे? तुलाच टाकणार." आकांक्षाने तिचं मनगट धरलं. "हा हात तेवढा सांभाळ गं."

मधल्या खेळाडूने पायांमधून चेंडू मागे दिला. आकांक्षाने तो झेलला. कोळीवाड्याची एक उंच बाई तिच्यावर धावून आली. ती पोचायच्या आत आकांक्षाने लांबुळका चेंडू उजव्या कोपऱ्याकडे भिरकावला. दीपिका पळतच होती. चेंडू छातीवर आदळला, हातात बसला. पुढे मोकळं मैदान होतं, फक्त एक बाई आडवी येत होती. आणि उजव्या हाताला, अगदी रेषेला लागून, तो बाक.

दीपिकाचा डावा हात मागे निघाला.

"दीपिका, हात काढ तो."

आवाज बाकावरून आला होता. जाईबाई उभ्या होत्या.

"निशाण झाकतंस कित्याक? पळ गो. सरळ पळ."

दीपिकाला आधी कळलंच नाही की हे आपल्याला म्हणतायत. हाताला मात्र कळलं. तो सुटला आणि वाऱ्यात मोकळा हलू लागला. आडव्या आलेल्या बाईने फितीवर झडप घातली. दीपिका टाचेवर गर्रकन फिरली, बाईच्या मुठीत हवा आली. मग ती पळाली, लहानपणी गल्लीत पळायची तशी, दोन्ही कोपरं फेकत, केस उडवत, कसं दिसतंय याची पर्वा न करता. रेषा मागे पडली तरी ती थांबली नाही, थेट कुंपणाला जाऊन आपटली.

शिट्टी वाजली. या वेळी रेफ्रीचे दोन्ही हात आकाशाकडे होते. टचडाऊन!

बायका तिच्यावर येऊन कोसळल्या. कोणी रडत होतं, कोणी ओरडत होतं, कोळीवाड्यातली उंच बाईसुद्धा येऊन पाठीत धपाटा घालून गेली. या ढिगातून दीपिका बाहेर आली तेव्हा जाईबाई मैदानात शिरल्या होत्या. साडीचा काठ उचलून, घाईघाईने. दीपिका सवयीने सावरून उभी राहिली.

जाईबाई तिच्या पट्ट्याकडे बघत होत्या. त्यांनी एक फीत बोटांत धरली आणि खेचली. टप्प आवाज करत ती सुटली. त्यांनी ती पुन्हा अडकवली, पुन्हा खेचली. आणि हसल्या. दात दाखवून हसणाऱ्या जाईबाई दीपिका सोळा वर्षांत पहिल्यांदा बघत होती.

"आई," ती दम खात म्हणाली, "मला वाटायचं तुम्हाला हे आवडत नाही. तुम्ही दर रविवारी मलाच बघायला येता."

"तुका? तुका तर मी घरात पण बघतंय." जाईबाईंनी तिच्या कमरेचा पट्टा सोडला, स्वतःच्या साडीवरून बांधला आणि आकांक्षाकडे वळल्या. "मी येतंय ता माझो नंबर कधी लागता, ता बघूक."