चौथं गाणं

घराच्या वाटण्या झाल्यापासून दोघा भावांत बोलायला एकच विषय उरला होता: दोघांचा कॉलेजपासूनचा लाडका रॅपर. त्याचा नवा अल्बम आला की दादाचा फोन यायचा आणि तासभर कडाक्याचं भांडण व्हायचं.

"गडी संपला रे. दोन ओळींत धाप लागते त्याला. सगळी गाणी पाणचट," या वेळी दादाने फोनवर सुरुवात केली.

कामावरून दमून आलेल्या धाकट्यालाही तसंच वाटलं होतं. "हो ना," तो म्हणाला.

"मग... ठेवतो."

आता पुढचा फोन पुढच्या अल्बमला. आणि तो अल्बम काही येईलसं वाटत नव्हतं.

"थांब दादा! चौथं गाणं तू नीट ऐकलंच नाहीस. तुला काय कळतंय रॅपमधलं?"

"मला शिकवतोस?" दादा उसळला, आणि पलीकडे खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला.