तिसऱ्या फेरीची चूक

भाऊराव गेल्यापासून घाटकोपरच्या त्या खोलीत सोनूबाईंना झोप लागेना. आज मुलगा किरण सोबतीला आला होता. अंधारात पडल्या पडल्या त्या म्हणाल्या, "बुद्धवंदना घेते रे. तू मागून म्हण, तुझे पप्पा म्हणायचे तसं."

त्या ओळ म्हणून थांबायच्या. मागून घोगरा आवाज यायचा. जिवाला किती बरं वाटलं!

तिसऱ्या फेरीला मात्र तो आवाज 'ततियंपि'ऐवजी पुन्हा दुसऱ्या फेरीचं 'दुतियंपि'च म्हणाला. भाऊराव जन्मभर तिथंच चुकले, आणि जन्मभर त्यांनी बायकोची कोपरखळी खाल्ली.

सोनूबाई खुदकन हसल्या. "बापासारखाच चुकतोस मेल्या!"

शेजारून किरणने त्यांचा हात घट्ट धरला.

"आई, मी कधीचा गप्पच आहे गं," तो कुजबुजला. "तू म्हण ना पुढे. थांबलेत ते."